मलब्याचा ट्रॅक्टर रात्रीच काहून येते?

रात्री साडेअकराला आमच्या गल्लीत ट्रॅक्टर आला. हेडलाइट एकच, तोही मिणमिणता, ट्रॉलीला मागे लाल दिवा नाही, नंबर प्लेटवर चिखलाचा थर, वर बसलेली दोन पोरं आणि दोन फावडी. बाथरूम फोडून निघालेला, एकोणीस दिवस घरापुढे पडून असलेला मलबा त्यांनी चाळीस मिनिटांत उचलला. आवाज इतका की समोरच्या काकाजींनी खिडकी उघडून पाहिलं, आणि मलबा जातोय हे दिसल्यावर काही न बोलता लावून घेतली, कारण त्या ढिगाला सगळ्यात जास्त वैतागलेले तेच होते, त्यांच्या सुनेची स्कूटी त्याच्यावरच घसरली होती. पैसे मोजताना मी सहज विचारलं, "भाऊ, हे नेऊन टाकता कुठी?" तर तो म्हणे, "ते टेन्शन तुम्ही नका घेऊ ना साहेब, आपली जागा आहे." मी पण नाही घेतलं टेन्शन. बावीसशे रुपये दिले, झाडू मारला, दोन बादल्या पाणी टाकलं आणि मस्त झोपलो.

ती "आपली जागा" दीड महिन्यानं सापडली. सापडली म्हणजे आईला सापडली. ती सकाळी मैत्रिणींसोबत फिरायला जाते, मागच्या ले-आउटच्या कडेकडेनं नाल्यापर्यंत, आणि एक दिवस घरी येऊन चप्पल काढता काढता म्हणाली, "अरे, आपल्या न्हाणीघरातली फरशी पडली आहे तिकडे." मी हसलो, म्हटलं पोपटी टाइल काय आपल्या एकट्याच्याच घरी होती का. पण बाबांनी १९९३ मध्ये घर बांधताना मधे पांढरं कमळ असलेली पट्टी स्वतः निवडून आणली होती आणि ती मिस्त्रीनं एका ठिकाणी उलटी बसवली होती, त्यावरून घरात वर्षानुवर्षं चेष्टा चालायची. दुसऱ्या दिवशी आईसोबत गेलो. पोपटी टाइल होती, कमळ होतं, आणि एका सिमेंटच्या ढेकळाला चिकटलेलं एक कमळ खाली देठ करून नाही, वर देठ करून होतं. बाजूला कोणाच्या तरी पीओपी सीलिंगचे तुकडे, फुटका कमोड, पेंटचे डबे, आणि या सगळ्यावर आता लोक रोजचा कचरा पण आणून टाकत होते, कारण एकदा ढीग दिसला की आपल्याकडे त्याला कचराघर समजायला परवानगी लागत नाही. ढिगाची एक बाजू घसरून नाल्यात उतरली होती आणि नाल्याची रुंदी निम्मी झाली होती. आई म्हणाली, "पैसे दिले होते ना तू?" दिले होते.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हे चालू आहे आणि म्हणून हा लेख.

या विषयावर आपल्याकडे दोनच गोष्टी बोलल्या जातात, एक, लोकांना सिव्हिक सेन्स नाही, आणि दुसरी, दंड वाढवा. सिव्हिक सेन्सवाल्यांना माझं सांगणं आहे की मी गाडीत चॉकलेटचा कागद खिशात ठेवणारा माणूस आहे आणि तरी माझा तीन टन मलबा नाल्यात गेला, तर हे नुसतं सेन्सचं प्रकरण नाही. राहिला दंड. नागपूर महापालिकेचं उपद्रव शोध पथक आहे, रस्त्यावर रेती-गिट्टी, मलबा टाकणाऱ्यांकडून ते दंड घेतं, पेपरात त्याचे आकडे येत असतात. चांगलं आहे. पण हा दंड बसतो कोणाला, तर ज्याच्या दारापुढे ढीग आहे त्याला. नाल्यातल्या ढिगावर कोणाचं नाव लिहिलेलं नसतं, आईची नजर असल्याशिवाय ते कळत नाही. मग शहाणा माणूस काय करतो, दंडाच्या पावतीआधी ट्रॅक्टरवाल्याला फोन करतो. दंड जितका वाढेल तितका तो फोन लवकर जाईल आणि ट्रॅक्टर तितक्याच अंधारात येईल. दिवसा नो एन्ट्री असते म्हणून रात्री येतो असं ट्रॅक्टरवाले सांगतात, काही ठिकाणी ते खरंही असेल, पण आमच्या ले-आउटमध्ये दिवसभर विटांचे ट्रॅक्टर फिरतात, त्यांना कोणी अडवलेलं मी पाहिलं नाही.

माझं म्हणणं साधं आहे. आपण मलबा उचलायचे पैसे देतो, पोचवायचे देत नाही. बावीसशे रुपयांत मी काय विकत घेतलं होतं, तर माझ्या दारापुढून तो नाहीसा होणं, एवढंच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचा पुतळा जाळायला नेताना आपण ओरडतो ना, ईडा पीडा घेऊन जा गे मारबत, तसंच. फरक एवढाच की मारबत दिवसाढवळ्या वाजतगाजत जाते आणि तिचं काय होतं ते सगळ्या गावाला माहीत असतं. मलब्याचं कोणालाच माहीत नसतं आणि खरं सांगायचं तर माहीत करून घ्यायचंही नसतं.

आता हे उचलणं आणि पोचवणं एकाच व्यवहारात बांधायची जगात जी रुळलेली पद्धत आहे ती म्हणजे भाड्याचा कंटेनर. घराचं काम सुरू होताना रिकामा लोखंडी कंटेनर दारापुढे येतो, चार-सात दिवस राहतो, मलबा जमिनीवर पडायच्या ऐवजी सरळ त्यात पडतो, भरला की गाडी येऊन तोच उचलून नेते. भाड्यात आणणं, ठेवणं, नेणं आणि जिथे प्रक्रिया होते तिथे रिकामा करायची फी, सगळं धरलेलं असतं. अमेरिकेत याला डंपस्टर म्हणतात, तो शब्द मुळात डेम्प्स्टर आडनावाच्या माणसाचा, टेनेसीतल्या नॉक्सव्हिलचा, त्यानं १९३० च्या दशकात ट्रकनं उचलायचा डबा बाजारात आणला आणि पुढे त्या शहराचा मेयरही झाला. इंग्लंडात स्किप म्हणतात, तिथे १९८० च्या रस्ते कायद्यात लिहून ठेवलं आहे की रस्त्यावर स्किप ठेवायचा तर आधी परवानगी घ्या, रात्री त्यावर दिवे लावा, आणि मालकाचं नाव आणि फोन नंबर किंवा पत्ता त्यावर ठळक लिहा. मला यातलं सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर ते नाव लिहिणं. आपल्याकडे ढिगाला नाव नाही, ट्रॉलीला नाव नाही आणि "आपली जागा" तर कोणाचीच नाही.

लगेच कोणी म्हणेल, हे परदेशातले चोचले, नागपुरात कुठून आणता. राजेहो, हा कंटेनर आपण लहानपणापासून पाहत आलो. चौकात तो मोठा लोखंडी कचऱ्याचा डबा असायचा आणि त्याला साखळ्या लावून उचलणारी गाडी यायची, डंपर प्लेसर, आम्ही पोरं शाळेतून येताना थांबून ते पाहायचो, डबा हवेत झुलायचा आणि सगळे एक पाऊल मागे सरकायचे. मलब्याला लागणारी गाडी तीच आहे, फक्त डबा मजबूत हवा आणि आकार बेतानं, कारण मलबा कचऱ्यापेक्षा कितीतरी वजनदार.

हे वजनाचं लोकांच्या लक्षात येत नाही म्हणून हिशोबच मांडतो. पाच बाय सातचं साधं बाथरूम घ्या. घेर चोवीस फूट, टाइल्स सात फुटांपर्यंत, म्हणजे १६८ चौरस फूट, टाइल आणि मागचा सिमेंटचा माल मिळून दीड इंच जाडी धरली तर २१ घनफूट. खालची फरशी फोडली की त्याखाली सन्कन भागात, म्हणजे पाइपांसाठी खाली घेतलेल्या स्लॅबवर, फूटभर विटांच्या तुकड्यांचा कोबा, ते ३५ घनफूट. झाले ५६. तोडलेला माल फुगतो, दीडपट धरा, ८४ घनफूट. शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे एवढ्याशा बाथरूममधून पाऊण ब्रासच्या वर मलबा निघतो आणि वजन भरतं अडीच-तीन टन. आपल्याला वाटत असतं पाच-सहा चुंगडी निघतील, निघतात सत्तर, तीही चाळीस-चाळीस किलोची. चौकातला तो जुना डबा साडेचार घनमीटरचा असेल तर त्यात दीड ब्रासच्या वर माल मावतो, म्हणजे जवळजवळ दोन बाथरूमचा मलबा एका फेरीत. मोठा कंटेनर मागवण्यात शहाणपणा नाही, तो काठोकाठ भरला की गाडीच उचलू शकणार नाही. आणि काठाच्या वर शीग लावायची नाही, नाहीतर सगळ्या रस्त्यानं विटांचे तुकडे सांडत जातात.

मिस्त्रीशी काम ठरवताना काय होतं पाहा. टाइल कोणती, नळ कोणत्या कंपनीचे, वॉटरप्रूफिंग किती थरांचं, यावर तीन-तीन बैठका होतात, आणि शेवटी उठता उठता तो म्हणतो, "आणि मलबा पार्टीकडे." पार्टी म्हणजे आपण. आपण मान हलवतो. एवढीच त्या तीन टनांवरची चर्चा. जुनं अख्खं घर पाडायचं असेल तर आणखी मजा, तिथे पाडणारा ठेकेदार उलट मालकालाच पैसे देतो, कारण सागवानी चौकटी, खिडक्यांचे ग्रिल, स्लॅबमधलं लोखंड, धड निघालेल्या विटा, सगळ्याला गिऱ्हाईक आहे. बायका उन्हात बसून एकेक वीट ठोकून साफ करतात, रचून ठेवतात, शंभर-शंभरचे चौकोन. ज्याला भाव आहे ते असं निगुतीनं, मोजून जातं. उरतो तो मलबा, त्याला भाव नाही म्हणून मालक नाही.

तसा मलब्यालाही थोडा भाव आहे हे मान्य करायला पाहिजे, नाहीतर मी एकतर्फी बोलतोय असं होईल. गेल्या काही वर्षांत नागपुरात सिमेंटचे रस्ते झाले, रस्ता वर गेला आणि घरं खाली राहिली. पावसात रस्त्यावरचं पाणी सरळ हॉलमध्ये. मग लोक घराची फरशी फूट-दीड फूट वर घेतात, म्हणजे दारं कापा, बाथरूम फोडा, ओटा फोडा, आणि भरायला मुरूम आणा नाहीतर मलबा आणा. आमच्याकडे फोडाफोडी झाली ती याच पायी, अर्ध्या लेनची तीच कथा. एकाच्या घरचा मलबा दुसऱ्याच्या घराखाली जातो, स्वच्छ विटा-दगडाचा असेल तर त्यात वाईट काही नाही, उलट चांगलंच. "मलबा टाकणे आहे" अशी पाटी लावलेले प्लॉट तुम्ही पाहिलेच असतील. पण ट्रॉलीत नुसत्या विटा नसतात. पीओपी असतं, काच असते, फोम असतो, जुन्या शेडचे सिमेंटचे पत्रे असतात ज्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फोडताना निघणारी धूळ फुफ्फुसाला फार वाईट. आणि भरायला प्लॉट मिळाला नाही की नाला आहेच. नाला म्हणजे आपल्याकडे फुकटचा प्लॉट.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट कोणी विसरलं नसेल. अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी काठ सोडून घरात शिरली, मोर भवनला बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या, माणसं गेली. त्या पुराची कारणं बरीच होती, थोड्या तासांत फार पाऊस पडला, पात्राला लागून बांधकामं झालेली, सगळा दोष मी मलब्यावर ढकलणार नाही. पण ज्या शहरानं ती रात्र पाहिली त्या शहरात नाल्याची रुंदी बाथरूमच्या टाइल्सनी निम्मी होते आणि ती माझ्या बाथरूमच्या, हे मला पचत नाही. आपण कन्हानच्या पात्रातून रेती उपसून आणतो आणि घर झालं की उरलेलं नाग नदीत, पिवळ्या नदीत नेऊन टाकतो, दोन्ही नद्यांचं वाटोळं एकाच घरापायी. धुळीचं वेगळं सांगत नाही, देशाच्या स्वच्छ हवा कार्यक्रमात जी प्रदूषित शहरं निवडली त्यात नागपूर आहे.

कायदा काय म्हणतो? कायदा बरंच काही म्हणतो. बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्याचे केंद्राचे नियम २०१६ मध्ये आले. त्यात मलबा रस्त्यावर, नाल्यात टाकायचा नाही ही जबाबदारी घरमालकावर टाकली, आणि दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टन किंवा त्याहून जास्त मलबा काढणाऱ्यानं काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक आणि विटा व त्यांचा सिमेंटचा माल असं वेगवेगळं करून द्यायचं होतं. पण त्याच नियमांत स्थानिक संस्थेनं मलब्यासाठी कंटेनर ठेवावेत, भरले की उचलावेत, स्वतः नाहीतर खासगी ऑपरेटर नेमून, हेही लिहिलं होतं. म्हणजे मी काही नवीन मागत नाही. त्यांच्या जागी २०२५ मध्ये नवीन नियम निघाले, १ एप्रिल २०२६ पासूनचे, त्यात उत्पादकाची जबाबदारी म्हणून मोठ्या प्रकल्पांना मलब्याच्या पुनर्वापराचं टार्गेट दिलं आहे. मोठे म्हणजे किती, तर २०,००० चौरस मीटर आणि त्याहून जास्त बांधकाम असलेले. चांगलं झालं, बिल्डर लाइनीवर येतील. पण पाच बाय सातच्या बाथरूमचं काय? आमच्या लेनमध्ये एका उन्हाळ्यात सहा घरं फुटली, अशा किती लेन मानेवाड्यापासून बेस्यापर्यंत, तिकडे उत्तर नागपुरात, गुंठेवारीच्या ले-आउटमध्ये, मोजा. या सगळ्यांना मिळून एकही नियम टार्गेट देत नाही, कारण एकेकटा कोणीच मोठा नाही. मोठ्याला कायदा आहे, लहानाला दंड आहे, व्यवस्था त्याला कोणी विचारून देत नाही. मुंबईत महापालिकेनं फोन केला की पैसे घेऊन डेब्रिज उचलायची सेवा काढली, डेब्रिज ऑन कॉल नावाची. कल्पना चांगली. माझं त्यावर एवढंच की उचलायला येईपर्यंत ढीग रस्त्यावरच असतो. कंटेनर आधी येतो, ढीग नंतर होतो, हा क्रम मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

आता अडचणी, आणि त्या खऱ्या आहेत.

पहिली, जागा. महालात, इतवारीत, जुन्या मंगळवारीत ज्या गल्लीतून दोन स्कूटर एकमेकींना घासून जातात तिथे कंटेनर काय डोक्यावर ठेवणार? नाही ठेवता येणार. तिथे टनभर माल मावणाऱ्या जाड जंबो बॅगा चालतील, आधी चुंगडीत भरून हातगाडीनं चौकापर्यंत, चौकात एक कंटेनर. पण महालात जमत नाही म्हणून त्रिमूर्तीनगरच्या तीस फुटी रस्त्यावरही नको, हा कुठला न्याय. आणि ज्या रस्त्यावर आज मलब्याचा ढीग तीन आठवडे दहा फूट जागा खातो तिथे कंटेनरनं चार दिवस सहा फूट खाल्ले तर आकाश कोसळणार नाही. फक्त दिवा लावा त्याला रात्री, रेडियम पट्टी तरी.

दुसरी, शेजारी. हा माझ्या मते खरा प्रश्न आहे आणि यावर कोणी बोलत नाही. उघडा कंटेनर रात्रभर गल्लीत राहिला तर सकाळी त्यात कोणाची तरी फाटकी गादी, शेणाचं टोपलं, पूजेचं निर्माल्य आणि एखादा जुना टीव्ही सापडणार, आणि भाडं तुमचं. परदेशात पण हे होतं, तिथेही लोक ताडपत्री बांधतात आणि सकाळी उठून कंटेनरमध्ये डोकावतात. आपल्याकडे तर गणपतीच्या आधी घर साफ करायला निघालेल्या अख्ख्या लेनला ही पर्वणीच. यावर माझ्याकडे उपाय फक्त दोन, झाकणाचा कंटेनर आणि कमी दिवस. तोडफोड दोन दिवसांत उरकायची, त्याच दोन दिवसांसाठी डबा मागवायचा, टाइल्स नंतर निवांत बसवत राहा. म्हणजे मिस्त्रीनं सांगितल्या दिवशी यायला पाहिजे. इथे मी पण थांबतो, सगळे प्रश्न एका लेखात सुटत नाहीत.

तिसरी, पैसा. कंटेनर ट्रॅक्टरपेक्षा महाग पडणार, पडायलाच पाहिजे, कारण ट्रॅक्टर स्वस्त आहे तो अर्ध्या रस्त्यात माल टाकतो म्हणून. दोन-तीन लाख रुपये बाथरूम-किचनवर लावणारा माणूस मलब्याला आणखी दोन हजार देणार नाही असं नाही, तो देत नाही कारण त्याला जास्त पैशात जास्त काही मिळतंय असं दिसतच नाही. ज्याचं घरच दोन खोल्यांचं आहे आणि संडास बांधायला कर्ज काढलंय त्याला मात्र सूट पाहिजे, ती महापालिकेनं द्यावी, नाला उपसायच्या खर्चापेक्षा ती स्वस्त पडेल. दर पावसाळ्याआधी पोकलेन लावून नाले आपल्याच टॅक्सच्या पैशानं साफ होतात, त्यात माझ्या टाइल्स पण निघाल्या असतील, म्हणजे एकाच मलब्याचे मी दोनदा पैसे दिले.

आणि चौथी, तो ट्रॅक्टरवाला. कंटेनरचं म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे कुठली तरी बाहेरची मोठी कंपनी, टेंडर, पाच वर्षांचा ठेका येतो, आणि मग या पोरांचं काय. मला हे नको आहे. माझ्या मते कंटेनर त्याच लोकांच्या हाती द्यावेत, त्यांनाच नोंदणी, गाडीवर नंबर आणि नाव, आणि पैसे द्यायची पद्धत बदलावी. उचलल्यावर निम्मे, आणि उरलेले, मलबा जिथे पोचवायचा तिथल्या धर्मकाट्याची पावती आणल्यावर. भरलेल्या गाडीचं वजन, तारीख, वेळ, सगळं त्या चिठ्ठीवर असतं, भंगारवाल्यापासून कापसाच्या व्यापाऱ्यापर्यंत सगळ्यांचा त्या चिठ्ठीवर विश्वास आहे, मलब्यानं काय पाप केलं. पावती नाही, तर उरलेले पैसे नाही. यात कोणाला सिव्हिक सेन्स शिकवायची गरज पडत नाही.

घराच्या आतल्या दुरुस्तीला नकाशा मंजुरीची भानगड नसते, त्यामुळे परवानगी देताना मलब्याचं डिपॉझिट घ्या हा उपाय नवीन बांधकामाला चालेल, बाथरूमला नाही चालणार. पण एक माणूस असा आहे ज्याच्याकडे घर फोडणारा प्रत्येक जण जातोच, तो म्हणजे रेती-गिट्टीवाला, बिल्डिंग मटेरियलचं दुकान. त्याची गाडी भरून येते आणि रिकामी जाते. कंटेनर त्याच्या दुकानातूनच भाड्यानं मिळायला पाहिजे, सिमेंटच्या बिलात खाली एक ओळ, मलबा कंटेनर, इतके दिवस, इतके रुपये. लोक सिमेंटच्या भावाची घासाघीस करतात तशी त्याची पण करतील, करू द्या, निदान तो विषय बिलावर तर येईल.

मलबा पोचल्यावर त्याचं होतं काय, हेही सांगून टाकतो, कारण "शेवटी तिकडे पण डोंगरच होतो ना" असं मला दोघांनी ऐकवलं. स्वच्छ, वेगळा केलेला माल दळून त्याची गिट्टी आणि रेती होते, पेव्हिंग ब्लॉक होतात. गिट्टी-रेतीचं जे भारतीय मानक आहे, आयएस ३८३, त्याच्या २०१६ च्या आवृत्तीनुसार जुन्या काँक्रीटपासून काढलेली गिट्टी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, एम २५ या ताकदीच्या ग्रेडपर्यंतच्या लोखंड टाकलेल्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत चालते, आणि पायाखालच्या कमी सिमेंटच्या हलक्या काँक्रीटमध्ये तर पूर्ण चालते. पण यंत्राला पीओपी, गादी आणि निर्माल्य चालत नाही. वेगळा केलेला मलबा फक्त तिथेच मिळतो जिथे तो पडतो, म्हणजे घरात, तोडताना. एकदा ट्रॉलीत सगळं कालवलं की मग ते नाल्याच्याच लायकीचं उरतं.

गेल्या आठवड्यात माझ्या लहान भावाकडे किचन फोडायचं ठरलं. मी त्याच ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला, नंबर होताच. त्यानं ओळखलं, "हो हो साहेब, पोपटी टाइलवाले," म्हणाला, म्हणजे त्यालाही टाइल लक्षात होती. मी त्याला नाल्याचं काही बोललो नाही. म्हटलं, कंटेनर काही मिळत नाही इथे, तुझी ट्रॉलीच दोन दिवस दारापुढे उभी करून ठेवशील का, मलबा सरळ तिच्यात टाकू, विटा-काँक्रीट एकीकडे आणि बाकीचं चुंगड्यात, आणि तू महापालिकेच्या भांडेवाडीच्या कचरा डेपोत नेऊन काट्याची चिठ्ठी आणशील, चिठ्ठी दिली की उरलेले पैसे. तिकडे थोडा वेळ शांतता. मग त्यानं डिझेलचा हिशोब केला, ट्रॉली दोन दिवस अडकण्याचा केला, पोरांच्या रोजीचा केला, आणि अडतीसशे सांगितले. मी छत्तीस म्हटलं. तो सदतीसवर आला.

"बरं, पण मग गल्लीत किती वाजता येशील?" मी विचारलं.

"चिठ्ठी आणाची आहे त मग रात्री कायले येऊ साहेब," तो म्हणाला, "सकाळी नवाले येतो ना."